पास्त्याचं आधण

या शेगडीवर आत्ताच चार लिटर पाणी चढवलं आहे. मोठा बर्नर, पूर्ण आच, वर झाकण. खळखळून उकळी यायला चौदा-पंधरा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात या पाण्याबद्दलच बोलू. पास्ता बिघडला की लोक सॉसला दोष देतात. पण गिच्च गोळा झालेला, बाहेरून बुळबुळीत आणि आतून कच्चा, अळणी पास्ता पाण्यातच बिघडलेला असतो. मग त्यावर कितीही चीज घातलं तरी तो सुधारत नाही.

आपल्याकडे या पाण्याला चांगला शब्द आहे, आधण. ज्यात काही वैरायचं आहे ते पाणी. भाताचं आधण मोजून ठेवतात, कारण तांदूळ ते सगळं पिऊन टाकणार असतो. पास्त्याचं तसं नाही. कोकणात भात वेळून पेज बाजूला काढतात, त्याच्या जवळची ही रीत आहे. पाणी भरपूर घ्यायचं, शेवटी निथळायचं, आणि निथळलेलं सगळंच मोरीत ओतायचं नाही.

इटलीतल्या घरांमध्ये चालत आलेलं प्रमाण असं: १०० ग्रॅम सुक्या पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. आपण चौघांसाठी ४०० ग्रॅम धरला, म्हणून हे ४ लिटर. एवढं पाणी का? नेहमीचं उत्तर असं की पास्ता टाकल्यावर पाणी फार थंड होऊ नये. ते अर्धवट खरं आहे. ४ लिटर उकळत्या पाण्यात ४०० ग्रॅम पास्ता पडला की तापमान साधारण ३ अंशांनी उतरतं. तोच पास्ता दीड लिटरमध्ये टाकला तर ७-८ अंशांनी उतरतं. पण ही घट भरून काढायला लागणारी उष्णता दोन्ही पातेल्यांत जवळपास सारखीच असते, कारण तापवायचा पास्ता तेवढाच आहे. मोठ्या बर्नरवर दोन्हीकडे अर्ध्या-पाऊण मिनिटात पाणी पूर्ववत होतं. खरं कारण आहे स्टार्च. शिजताना पास्त्यातून स्टार्च सुटतो. पाणी कमी असेल तर ते कपड्यांच्या खळीसारखं दाट होतं आणि पास्त्याला हलायला जागा उरत नाही, म्हणून तो एकमेकांना धरतो. पेने, फुसिली असे आखूड प्रकार असतील आणि तुम्ही शेजारी उभं राहून ढवळणार असाल, तर १०० ग्रॅमला ७०० मिली पाणीही पुरतं. स्पगेटीला मात्र पूर्ण लिटर द्या.

पातेलं सहा लिटरचं घ्या. वरचा तिसरा हिस्सा रिकामा हवा, फेस चढतो तो तिथेच. बूड सपाट आणि बर्नरच्या ज्योतीपेक्षा रुंद हवं. ज्योत बाजूंनी वर चढत असेल तर तुम्ही स्वयंपाकघर तापवताय, पाणी नाही. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची छिद्रं तुंबली आहेत. ती साफ करा, नाहीतर वेळ वाढतो आणि भांडंही काळं होतं.

आता झाकणाचं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३१५ किलोजूल उष्णता लागते. त्याच एक लिटरची पूर्ण वाफ करायला सुमारे २२५७ किलोजूल, म्हणजे सातपट. उघड्या पातेल्यातून उठणारी थोडीशी वाफही दिसते त्यापेक्षा खूप जास्त उष्णता घेऊन जाते. उकळी येईपर्यंत झाकण काढू नका, उचलून डोकावूही नका, कान द्या. हे चार लिटर उकळायला सुमारे १२५० किलोजूल लागतात. चांगल्या शेगडीवर, झाकण ठेवून, ४०-४५ ग्रॅम गॅस जळतो. घाई असेल तर इलेक्ट्रिक किटलीत दीड लिटर वेगळं उकळून यात ओता. १५०० वॉटच्या किटलीला साधारण सहा मिनिटं लागतात. गीझरचं गरम पाणी मात्र स्वयंपाकाला घेऊ नका. टाकीत साचून राहिलेलं पाणी आहे ते.

ऐका, आता सूं असा आवाज यायला लागला आहे. सुरुवातीला बुडाला चिकटलेले बारीक मोत्यांसारखे बुडबुडे दिसले असते, ती वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते, ती. हा सूं आवाज निराळा. बुडाशी पाणी उकळत्या तापमानाला पोचलं, तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात, पण वरच्या अजून थंड असलेल्या थरात शिरताच ते मिटतात. हजारो बुडबुडे असे मिटण्याचा तो आवाज. अनेक जण इथेच पास्ता टाकतात, कारण वाफ दिसते, आवाज येतो. पाणी अजून तयार नाही. थोड्या वेळाने आवाज खाली येईल, मऊ होईल, आणि मोठे बुडबुडे पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतील. चमचा फिरवला तरी थांबत नाही ती खरी उकळी.

मीठ तेव्हा टाकायचं. आधी टाकलं तर उकळायला वेळ लागतो, ही समजूत निराधार आहे. लिटरला १० ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू जेमतेम ०.१७ अंशाने चढतो, जिभेला किंवा घड्याळाला तो फरक कळत नाही. आधी न टाकण्याचं कारण भांडं आहे. थंड पाण्यात मीठ बुडाशी बसून राहतं आणि स्टीलवर बारीक पांढुरके खड्डे पाडतं. एकदा पडले की ते घासून जात नाहीत. उकळत्या पाण्यात मीठ लगेच फिरून विरघळतं. फक्त मूठभर एकदम टाकू नका. मिठाच्या कणांवर एकाच वेळी असंख्य बुडबुडे तयार होतात आणि पाणी उसळून हातावर येतं.

बारीक मिठाचा ५ मिलीचा सपाट चमचा साधारण ६ ग्रॅमचा, म्हणजे इथे सहा-सात चमचे. हे फार वाटतं, पण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर निथळून जातं. जाडं मीठ असेल तर चमच्याचा भरवसा धरू नका, वजन करा. सॉसमध्ये पार्मेजान, ऑलिव्ह, अँचोव्ही असं खारट काही असेल तर लिटरला ७ ग्रॅम पुरे. ज्यांना मीठ कमी खायचं आहे त्यांनी अर्धं करावं. चव उतरेल, शिजण्यात फरक पडणार नाही. मीठ वगळून नंतर वरून भुरभुरलं तर ते पास्त्याच्या अंगावर राहतं, आत जात नाही.

आणि तेल टाकू नका. हे मी जोर देऊन सांगतो. तेल पाण्यावर तरंगतं, पास्ता पाण्याखाली असतो, चिकटणं थांबवायला ते तिथे पोचतच नाही. फेस थोडा कमी होतो एवढंच. पण निथळताना तेच तेल पास्त्याला लागतं आणि सॉस त्यावरून घसरतो.

झाली उकळी. आता वैरूया. स्पगेटी साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब असते. मोडू नका. पंख्यासारखी पसरून सोडा, अर्ध्या मिनिटात काड्यांचं पाण्यातलं टोक मऊ होतं, मग चमच्याने हलकेच दाबून आत घ्या. लगेच झाकण ठेवा, उकळी परतली की काढा. आणि आता दोन मिनिटं हात थांबू द्यायचा नाही. पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून याच वेळात डिंकासारखा होतो. या दोन मिनिटांत चिकटलेल्या काड्या नंतर सुटत नाहीत, आणि जोडाच्या जागी कच्च्या राहतात. दोन मिनिटांनंतर तो थर पाण्यात धुतला जातो, पुढे अधूनमधून ढवळलं तरी चालतं.

इथे आच कमी करा. बहुतेकांना हे पटत नाही. खळखळ जास्त म्हणजे पास्ता लवकर शिजतो असं वाटतं, पण पाणी जोरात उकळो की मंद, तापमान तेच राहतं. मोठ्या आचेची जास्तीची उष्णता फक्त वाफ करते आणि फेस उतू घालवते. गव्हाचा स्टार्च फुगतो ६० अंशांच्या आसपास, प्रथिनं घट्ट होतात ती ७०-८० अंशांच्या दरम्यान. उकळी ही पाणी पुरेसं तापल्याची खूण आहे, आणि सुरुवातीला काड्या सुट्या ठेवण्याची मदत आहे. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले रोमचे जॉर्जो पारिसी यांनी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, गॅस महागलेला असताना, उकळीनंतर दोन मिनिटांनी आच बंद करून झाकणाखाली पास्ता शिजवण्याची सूचना समाजमाध्यमावर पुढे केली, तेव्हा इटलीतल्या अनेक स्वयंपाक्यांनी नाराजी दाखवली. शास्त्र पारिसींच्या बाजूने आहे. पण लहान, पातळ बुडाच्या पातेल्यात पाणी लवकर निवतं आणि पास्ता चिकट होतो. म्हणून आपल्या भांड्यांसाठी मधला मार्ग बरा: बारीक आच, झाकण थोडं तिरकं, पृष्ठभाग नुसता हलता. उतू जायला लागलं तर फुंकर घालू नका, आच कमी करा. आडवा ठेवलेला लाकडी चमचा काही क्षणच फेस फोडतो.

पाकिटावर ९ मिनिटं लिहिली असतील तर सातव्या मिनिटाला एक काडी काढून दाताने तोडा आणि कापलेलं तोंड पाहा. मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसेल, तो कोरडा स्टार्च. ठिपका मोठा आणि दाताला कडक लागला तर कच्चं. टाचणीच्या डोक्याएवढा उरला की पास्ता सॉसमध्ये घ्यायच्या बेताला आला. आणखी मिनिटभर तो सॉसमध्ये शिजतो. इटालियन लोक 'अल देन्ते' म्हणतात ते हेच, दाताला जाणवणारं. उंचीवर हा हिशेब बदलतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तिथे पाकिटावरच्या वेळेत एक-दोन मिनिटं वाढवा, आणि घड्याळापेक्षा ठिपक्यावर विसंबा.

सातव्या मिनिटालाच पास्ता फुटायला, पाणी दुधाळ व्हायला लागलं तर पाकीट उलटून वाचा. १९६७ च्या कायद्याने इटलीतल्या उत्पादकांना सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करणं बंधनकारक झालं. आपल्याकडचा बन्सी रवा याच ड्युरमचा. त्यातली प्रथिनं स्टार्चला जाळीसारखं धरून ठेवतात. साध्या गव्हाच्या रव्याच्या किंवा मैद्याच्या स्वस्त पास्त्यात ही पकड सैल असते. त्याला पाणी थोडं जास्त द्या आणि दोन मिनिटं आधीच काढा. बोअरवेलचं जड पाणीही पास्ता चिकट करतं. उकळल्यावर ते अधिक अल्कधर्मी होतं आणि स्टार्च जास्त सुटतो. चार लिटरला चमचाभर लिंबाचा रस घातला तर फरक दिसतो.

निथळण्याआधी एक मोठी वाटी पाणी काढून ठेवा, हे विसरू नका. मग चाळणी सिंकमध्ये, पातेलं दोन्ही हातांनी, आणि ओतताना पुढची कड तुमच्यापासून दूर, कारण वाफेचा लोट सरळ वर येतो आणि मनगट भाजतं. नळाखाली धुऊ नका. पृष्ठभागावर उरलेला थोडासा स्टार्चच सॉसला धरून ठेवतो. थंड सॅलडसाठी असेल तेवढाच धुवावा. पूर्ण कोरडा होईपर्यंत चाळणीत ठेवला तरी गोळा होतो, तेव्हा थेंब गळत असतानाच तो गरम सॉसच्या कढईत घ्या, बाजूला काढलेल्या पाण्यातलं अर्धी वाटी त्यात ओता आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा. तेल आणि पाणी वेगळे दिसायचे थांबून सॉस चकचकीत झाला की आच बंद करा.