या बिंदू चौकात!

[बिंदू चौक, सकाळची वर्दळ]
मागं उपकारागृहाची जुनी तटबंदी, इकडं हुतात्मा स्तंभ आणि महात्मा फुले, डॉ. आंबेडकर यांचे पुतळे. बाबासाहेबांचा हा पुतळा १९५० सालचा, ते हयात असताना बसवलेला. कोल्हापुरात निवडणूक लागली की एक आरोळी ठरलेली: ‘हिंमत असेल तर या बिंदू चौकात!’ समोरचा बहुतेकदा येत नाही. आला तरी आधी कोण बोलणार, काय सिद्ध करायचं, हरलं कोण हे कशावरून ठरवायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. घोषणा होतात, पोलीस मध्ये पडतात, संपलं.

[वर्ग, फळ्यावर पाच शब्द]
या वर्गातली पोरं मात्र ते आधी ठरवून वादाला बसतात. नियम गौतम ऋषीच्या न्यायसूत्रांतले, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. विषय घरचाच, पंचगंगेचा पूर.

[राजाराम बंधारा, चढतं पाणी]
‘कोल्हापूरच्या सुतारवाड्यात पाणी येणार’ ही एका मुलीची प्रतिज्ञा. का? राजाराम बंधाऱ्यापाशी नदीनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, हा हेतू. असं कधी झालंय? २०१९ ला झालं, २०२१ ला झालं, हे उदाहरण. आजही तशीच पातळी चढलीय, हा उपनय. म्हणून पाणी येणार, हे निगमन. पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच, पण मधल्या तिघांनी ते पेललं पाहिजे.

[दोघं समोरासमोर]
आता या पोराकडं बघा. तो लगेच उत्तर देत नाही. आधी तिचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं मांडतो. सभेला कळलेलं, तीनदा सांगितलेलं विधान ज्याला परत सांगता येत नाही, तो तिथंच हरला. हरण्याच्या अशा जागांना निग्रहस्थानं म्हणतात. गौतमानं २२ मोजलीत.

मग तो उदाहरणाला हात घालतो. ‘त्या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं. ४३ ला येईलच कशावरून?’ ती म्हणते, ‘शिवाय राधानगरी धरणाचे दरवाजेही उघडलेत की!’ पंच हात वर करतो. हेत्वंतर! हेतू तुटल्यावर त्याला ठिगळ लावायचं नाही.

आमच्या आवडीचं निग्रहस्थान मतानुज्ञा. आपल्यावरचा आरोप न खोडता ‘तुमच्या काळात काय झालं?’ असं विचारलं, की आरोप कबूल केला असं धरतात. एवढा एकच नियम लावला तर टीव्हीवरची रात्रीची चर्चा दहा मिनिटांत आटपेल.

खरं काय ते शोधायला बोलणं, त्याला गौतम वाद म्हणतो. नुसतं जिंकायला बोलणं तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं पाडायचं, ती वितंडा. पण ही दोन्ही त्यानं टाकून दिलेली नाहीत. कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तशी तत्त्व राखायला ती चालतात, असं सूत्रच आहे. पोरांना ही सवलत भारी आवडली.

[रस्ता, सकाळ]
याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना कम्युनिस्ट नेते, लेखक कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले.

[पुन्हा वर्ग]
पुढचा विषय, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची. ५१९ मीटरवरून ५२४ करावी का? बाजू चिठ्ठ्या टाकून. मघाचीच मुलगी चिठ्ठी उघडते. तिला ‘उंची वाढवली तरी कोल्हापूरला धोका नाही’ ही बाजू आलीय. मनात नसलेली बाजू लढवायची म्हणजे हा जल्पच, पण सरावाला चालतो. तोंड वाकडं करत ती फळ्याकडं जाते आणि प्रतिज्ञा लिहायला घेते.