प्रुडन्स बुशनेल: दोनदा ओरडून सांगणारी राजदूत

नमस्कार मंडळी, आज ज्या बाईंबद्दल बोलणारे त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, खरं तर सुरुवातीच्या काळात त्यांचं एक पोस्टिंग आपल्या मुंबईतच होतं. प्रुडन्स बुशनेल, अमेरिकेच्या राजदूत. वडीलही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात, त्यामुळे लहानपण जर्मनी, फ्रान्स, पाकिस्तान, इराण असं फिरण्यात गेलं.

आता थेट 1994. आफ्रिकेतल्या रवांडात तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली तेव्हा बाई वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याच्या आफ्रिका विभागात मोठ्या पदावर होत्या. वरचे लोक सैन्य पाठवायला तयार नाहीत, मग यांच्या हातात उरलं काय, तर फोन! रवांडाच्या ज्या कर्नल बागोसोराचं नाव या कत्तलीमागे घेतलं जात होतं त्यालाच त्यांनी फोन लावला, हे थांबवा, आम्ही बघतोय म्हणून. विचार करा, काय वाटलं असेल तो नंबर फिरवताना. तिकडे रेडिओवरून लोकांना मारायला उघड चिथावणी चाललेली, तर त्यांचं म्हणणं होतं की किमान तो रेडिओ तरी जॅम करा. पेंटागॉनचं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं उत्तर आलं, रेडिओ जॅम करणाऱ्या विमानाचा खर्च तासाला साधारण 8,500 डॉलर, आणि उपयोग होणार नाही. 100 दिवसांत सुमारे 8 लाख माणसं मेली हो. मला हा हिशेब आजही पचत नाही.

मग 1996 ला त्या केनियात राजदूत झाल्या. राजधानी नैरोबीतली अमेरिकेची एम्बसी अगदी भर चौकात, रस्त्याला लागून. कुणी बॉम्ब भरलेली गाडी आणून उभी केली की संपलं, हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं. वरती पत्रं लिहिली, शेवटी 1998 मध्ये थेट परराष्ट्रमंत्री ऑलब्राइट यांना लिहिलं. नवी इमारत काही मिळाली नाही.

7 ऑगस्ट 1998, सकाळी बाई एम्बसीशेजारच्याच बँकेच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर केनियाच्या मंत्र्यांसोबत मीटिंगला होत्या. आधी एक छोटा आवाज झाला, काय झालं बघायला लोक खिडकीकडे गेले आणि तेवढ्यात एम्बसीबाहेर खरा बॉम्ब फुटला. काचांनी बाई स्वतः जखमी, तशाच त्या जखमी लोकांच्या गर्दीतून जिने उतरत खाली आल्या. नैरोबीत 213 जण गेले, त्यात अमेरिकन 12, बाकी जवळजवळ सगळे केनियाचे, आणि आपण बातम्यांमध्ये ऐकतो ते मात्र बहुतेकदा त्या 12 जणांबद्दल.

पुढे चौकशी समिती बसली, ॲडमिरल क्रो यांची. यंत्रणा म्हणून सगळेच कमी पडले असं म्हणाली, पण एकाही माणसावर ठपका ठेवला नाही. नवी एम्बसी झाली ती शहराच्या गर्दीपासून लांब, नैरोबीच्याच गिगिरी भागात.