मापाचे मोजे

(इचलकरंजी. यंत्रमागाची शेड. आधी नुसता आवाज, मग निवेदन.)

हा आवाज आम्ही निम्म्यावर आणलाय. नाहीतर पुढचं काही ऐकू आलं नसतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू झाला १९०४ साली. विठ्ठलराव दातारांनी तो आणला, आणि इथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पंचगंगेकाठच्या या गावाचं घड्याळ आजही पाळीवर चालतं. पाळी बहुतेक ठिकाणी १२ तासांची, मजुरी मीटरवर. माग बंद तर मीटर बंद. धोट्यातली सुताची कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की गाठ मारायची, की लगेच पुढचा माग. हात बघा, किती चपळ आहेत.

आता खाली बघा. पाय. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, बाकी सगळा वेळ उभं.

कारखाना अधिनियम १९४८, कलम ४४. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, असं त्यात लिहिलेलं होतं. २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. छोट्या शेडपर्यंत कायदा पोचतोच असं नाही. या शेडमध्ये आम्हाला एकही बाकडं दिसलं नाही.

(काका पँट गुडघ्यापर्यंत वर करतात. कॅमेरा थांबतो. पाच सेकंद निवेदन नाही.)

काकांनी उभी हयात मागावर काढली. ते म्हणतात, "शिरा फुगल्यात, एवढंच." दिवसा घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतात, आणि दुपारपर्यंत ते सुटून चपलेत येतं.

पायातलं रक्त हृदयाकडे परत न्यायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल पडलं की पोटरी आवळते आणि शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. शिरेच्या आत ठरावीक अंतरावर झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारख्या. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. माणूस नुसता उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागला की तो ३०च्या आसपास उतरतो. म्हणजे त्रास चालण्याचा नाही, एका जागी उभं राहण्याचा आहे. घराण्यातच हा त्रास असेल, वजन जास्त असेल, बाळंतपणं झाली असतील तर झडपा लवकर सैल पडतात. मग रक्त खाली साठतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते. पुढे घोट्याची कातडी काळवंडते, खाज सुटते, आणि काहींना तिथं जखम होते ती महिनोन्महिने भरत नाही.

(जुनं छायाचित्र. पोहण्याचा तलाव.)

असाच पाय होता कॉनराड जॉब्स्ट यांचा. जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोत राहणारे इंजिनिअर. पायाच्या जखमांनी बेजार झाले होते. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. इंजिनिअरच ते, कारणापाशी गेल्याशिवाय कसे थांबतील? पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त. म्हणजे तलावात उभ्या माणसाच्या घोट्यावर सगळ्यात जास्त दाब, पोटरीवर कमी, मांडीवर आणखी कमी. हाच उतरता दाब कापडात आणायचा त्यांनी ध्यास घेतला, आणि १९५०च्या सुमारास तसे मोजे तयार केले. आज दुकानात ज्याला कॉम्प्रेशन स्टॉकिंग म्हणतात, ते हेच.

(गोल विणकामाचं यंत्र. सुयांचा क्लोज-अप.)

मागावर कापड होतं ते उभ्या-आडव्या धाग्यांचं. इथं गोल फिरणाऱ्या सुया टाके घालतात, आणि त्या टाक्यांत वेगळा लवचिक धागा अडकवला जातो. रबरासारख्या त्या धाग्यावर नायलॉन गुंडाळलेलं असतं. घोट्यापाशी घट्ट, वर जाईल तसं सैल. सगळी करामत त्या धाग्याच्या ताणात आहे. म्हणूनच पायाचं माप चुकलं तर ही करामत फुकट जाते.

माप मात्र कुणी घेत नाही! आम्ही दुकानात उभे राहून बघितलं. "मीडियम द्या," एवढ्यावर खोकं काउंटरवर येतं.

(टेबल. टेप. काकांचा पाय.)

माप असं घ्यायचं. सकाळी, सूज चढायच्या आधी. घोट्याच्या वर जिथं पाय सगळ्यात बारीक, तिथला घेर. पोटरीचा सगळ्यात जाड घेर. टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं. हे आकडे खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून बघायचे.

टेपच्याही आधी डॉक्टर. ते पावलावरची नाडी बघतात. शंका आली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. विडी-तंबाखूनं किंवा मधुमेहानं पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर घट्ट मोज्यानं पायाला जाणारं रक्त आणखी कमी होतं. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत पाय दाखवता येतो. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, तर मोजे शोधत बसू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, तडक दवाखाना गाठा.

चिठ्ठीवर डॉक्टर क्लास लिहितात, म्हणजे मोजा किती दाब देणार त्याची श्रेणी. इथं एक मेख आहे. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर दाब, ब्रिटिश पद्धतीत तोच क्लास २ म्हणजे १८ ते २४. तेव्हा क्लास नको, मिलिमीटरचा आकडा लिहून घ्या आणि खोक्यावर तोच वाचा. दवाखान्यात घालतात ते पांढरे मोजे वेगळे. ते पडून असलेल्या रुग्णाचे, पाळीवर उभ्या माणसाचे नाहीत.

मेडिकल दुकानात, ऑर्थोपेडिक साहित्याच्या दुकानात, ऑनलाइनही हे मोजे मिळतात. किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. ऑनलाइन घेणार असाल तर मापाचा तक्ता आणि दाबाचा आकडा दिलेला नसेल ते पान सोडून द्या.

(काका मोजा घालतात. दृश्य न कापता.)

अंथरुणातून उठायच्या आधी घालायचा. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचं, टाच बरोबर बसवायची, मग हळूहळू वर. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड येते. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की तिथंच आवळते. रात्री काढायचा. सौम्य साबणानं हातानं धुवायचा, सावलीत वाळवायचा.

फुगलेली शीर यानं नाहीशी होत नाही. जडपणा, सूज, संध्याकाळची ठसठस कमी होते. शिरेवरचा इलाज लेझर किंवा शस्त्रक्रियेचा, तो वेगळा विषय.

रोज वापरला तर साधारण सहा महिन्यांत धाग्याचा ताण जातो. नवा घेताना पाय पुन्हा मोजायचा. सूज उतरलेली असेल तर जुनं माप चालत नाही.