तिघांची भट्टी

(दृश्य: रिकामी ड्रेसिंग रूम. भिंतीवर पांढरा फळा. ट्यूबलाइटचा बारीक आवाज.)

शुक्रवारची दुपार. सामन्याला अजून बराच वेळ आहे, मुलं वर्गात किंवा खाणावळीत असतील. फळ्याच्या कडेला चुंबकाच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, प्रत्येक पट्टीवर एक आडनाव. कोच एक पट्टी उचलतो, दुसऱ्या ओळीत लावतो, दोन पावलं मागे सरकून बघतो. मग ती काढून पुन्हा पहिल्या ओळीत नेतो. असं पाच-सहा वेळा होतं. खोलीत दुसरं कुणी नसतं, तरी तो पुटपुटत असतो.

अमेरिकेतल्या कॉलेज आईस हॉकीचं अर्धं नाट्य या फळ्यावर घडतं. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना ते कधीच दिसत नाही. म्हणून आज कॅमेरा इथे.

(दृश्य: बर्फाचं मैदान वरून. यंत्र गोल गोल फिरत बर्फ घासून गुळगुळीत करतंय.)

बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण. गोलकीपर, दोन बचावपटू, आणि पुढे तिघे: मधला सेंटर आणि दोन्ही कडांचे विंगर. या पुढच्या तिघांना म्हणतात लाईन. सामन्यासाठी अशा चार लाईनी लागतात, म्हणजे बारा जण, आणि बचावाच्या तीन जोड्या, म्हणजे सहा.

वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. पण सलग कुणीच खेळत नाही. चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून स्केटिंग करायचं, की लगेच बेंचवर परत. खेळ चालूच असतो, घड्याळ पळत असतं, आणि तिघे धापा टाकत आत येतात तोवर दुसरे तिघे कठड्यावरून उडी मारून बाहेर पडलेले असतात. आत येणारा बेंचच्या अगदी जवळ पोचायच्या आधी बाहेर जाणारा खेळात घुसला, तर माणसं जास्त झाली म्हणून संघाला दोन मिनिटांची शिक्षा: तेवढा वेळ एक गडी कमी घेऊन खेळायचं.

शाळेच्या मैदानावर खो-खो खेळलेल्यांना हे चटकन उमजेल. पळतीला आपण सगळेच्या सगळे एकदम उतरवत नाही, तिघा-तिघांच्या तुकड्या करतो. पहिल्या तुकडीत कोण, हे ठरवताना नुसता वेग बघून भागत नाही. एक साखळी पळणारा हवा, एक खांबापाशी हुलकावणी देणारा हवा, आणि दोघांची दमछाक झाली तर वेळ काढून नेणारा एक थंड डोक्याचा हवा. खो-खोत तुकडी बाद झाली की पुढची उतरते. इथे तुकडी दमली की उतरते, एवढाच फरक.

(दृश्य: सराव. लाल, निळ्या, पांढऱ्या, हिरव्या जर्सी. एका रंगाचे तिघे एकत्र.)

सरावात जर्सीचा रंग लाईनीप्रमाणे असतो. त्यामुळे सोमवारी ड्रेसिंग रूममध्ये शिरल्या शिरल्या पोराला कळतं, आपली बढती झाली की घसरण. खुंटीला लाल जर्सी दिसण्याऐवजी हिरवी दिसली, तर कोचनं तोंड उघडायची गरजच उरत नाही.

आता एक लाईन जवळून बघू. मधला सेंटर. फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना, पंच पक (रबराची चपटी चकती) खाली टाकतो, तेव्हा वाकून उभा असतो तो हाच. स्वतःच्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत सगळ्यात जास्त धावपळ त्याची. बेंचवर कोच बहुधा त्याच्याच नावानं लाईन पुकारतो, आणि त्या एका नावाला तिघे उठतात. डाव्या कडेला समजा असा मुलगा आहे, जो पक स्टिकवर घेऊन चौघांतून वाट काढतो. उजव्या कडेला तसलाच दुसरा ठेवला तर? दोघांनाही पक हवा, आणि कोपऱ्यात कठड्याशी अडकलेला पक उकरून काढायला कुणीच नाही. तिथे खांद्यानं रेटणारा, चार धक्के खाऊन पक सोडवणारा लागतो. त्याचं नाव गोलच्या यादीत क्वचित येतं. मला विचाराल, तर फळ्यावर आधी त्याची पट्टी लावावी आणि मग बाकीच्या दोघांची.

त्यात हाताचा हिशेब आहेच. कुणाचा खालचा हात डावा असतो, कुणाचा उजवा, आणि त्याप्रमाणे स्टिकचं पातं वळलेलं असतं. पास पात्याच्या सरळ बाजूवर आला तर आला तसा गोलवर मारता येतो. उलट्या बाजूवर आला, तर आधी तो सावरावा लागतो. तेवढ्यात गोलकीपर सरकून जागेवर आलेला असतो. म्हणून बचावाच्या जोडीत एक डावा आणि एक उजवा मिळावा, अशी प्रत्येक कोचची धडपड असते. आणि उजवे नेहमीच कमी पडतात.

(दृश्य: बेंच मागून. खांदे, हेल्मेटच्या जाळ्या, वाफाळलेले श्वास.)

फळ्यावर ठरलेलं सामन्यात टिकवायचं, तर आणखी खटपट. खेळ थांबला की यजमान संघाला शेवटी बदल करायचा हक्क असतो. पाहुण्यांनी कोणते तिघे उतरवले हे आधी दिसतं, मग यजमान कोच त्यांच्यासमोर आपली लाईन सोडतो. समोरच्यांचे सगळ्यात धोकादायक तिघे आले, की आपली चिवट, अंगाला चिकटून राहणारी लाईन बाहेर. पाहुणा कोच त्यावर तोड काढतो: खेळ चालू असतानाच गडी बदलतो, म्हणजे यजमानाला मोका मिळत नाही.

दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, आणि आपला गोल आपल्या बेंचपासून लांब जातो. मग स्वतःच्या गोलसमोर अडकलेल्या तिघांना बेंच गाठणं मुश्कील. एक मिनिट होतं, सव्वा मिनिट होतं, पाय जड होतात. घाबरून पक सगळं मैदान ओलांडून पार पलीकडे मारला तर आयसिंग, आणि आयसिंग करणाऱ्या संघाला गडी बदलायची मुभा नाही. तेच दमलेले तिघे पुन्हा फेसऑफला उभे, आणि समोरून ताजे तिघे येतात. दुसऱ्या सत्रातले पुष्कळ गोल अशा वेळी खाल्ले जातात.

शिक्षा झाल्या की तर सगळी घडीच विस्कटते. पॉवर प्लेला, म्हणजे समोरच्यांचा गडी कमी असताना, वेगळे पाच; आपली शिक्षा निभावून न्यायला वेगळे चार. चौथ्या लाईनीतली मुलं मात्र आठ-आठ मिनिटं नुसती बसून गारठतात.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या लोहखाणी, बर्फाच्छादित गावं.)

कॉलेजच्या मुलांची सगळ्यात गाजलेली मोट बांधली हर्ब ब्रूक्स यांनी. मिनेसोटा विद्यापीठाला त्यांनी 1974, 1976 आणि 1979 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती. 1980 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी अमेरिकेचा संघ त्यांच्याकडे आला. वीस खेळाडू, बहुतेक सगळे कॉलेजात घडलेले. त्यात नऊ जण मिनेसोटाचे आणि चार बोस्टन युनिव्हर्सिटीचे. याच दोन कॉलेजांत 1976 च्या राष्ट्रीय स्पर्धेत बर्फावर हाणामारी झाली होती, आणि ती कुणी विसरलं नव्हतं.

ब्रूक्स यांनी पट्ट्या कशा हलवल्या बघा. डेव्ह ख्रिश्चन हा नॉर्थ डकोटाचा आघाडीचा खेळाडू. त्याला त्यांनी बचावात नेलं, कारण मागून पक घेऊन वेगानं पुढे येणारा माणूस त्यांना हवा होता. उलट मार्क पॅव्हेलिच आणि जॉन हॅरिंग्टन या दोघांना त्यांनी एकत्रच राहू दिलं. दोघे मिनेसोटा-डुलुथच्या कॉलेजात बरोबर खेळलेले. त्यांच्या जोडीला दिला बझ श्नायडर. तिघेही मिनेसोटाच्या त्याच खाणपट्ट्यातल्या गावांतले. एका मातीतली माणसं, एका गावाचा खेळ दुसऱ्याला पाठ. एकमेकांकडे न बघता पास जायचा.

22 फेब्रुवारी 1980, लेक प्लॅसिड. समोर सोव्हिएत संघ, लागोपाठ चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेला. तिसऱ्या सत्रात 3-3 अशी बरोबरी. श्नायडर दमला होता. पक समोरच्यांच्या हद्दीत मारून तो बेंचकडे वळला आणि त्याच्या जागी कठड्यावरून उतरला कर्णधार माइक इरुझिऑनी, बोस्टन युनिव्हर्सिटीचा. कठड्याशी हॅरिंग्टन झगडला, पॅव्हेलिचनं पडता पडता पक ढकलला, आणि तो आला नुकत्याच उतरलेल्या, ताज्या पायांच्या इरुझिऑनीकडे. गोल. सत्राची बरोबर दहा मिनिटं झाली होती. 4-3 हा आकडा शेवटपर्यंत टिकला. दोन दिवसांनी फिनलंडला हरवून सुवर्णपदक.

त्या गोलचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मला मात्र नेहमी श्नायडर दिसतो, वेळेवर बेंचकडे वळलेला. तो आणखी दहा सेकंद रेंगाळला असता, तर इरुझिऑनी कठड्याच्या आतच राहिला असता.

(दृश्य: मेन राज्य. ओरोनो गाव, पाइनची झाडं, आल्फंड अरीनाचं तिरपं छत.)

आता तेरा वर्षं पुढे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, ओरोनो नावाच्या लहानशा गावात मेन विद्यापीठ. कोच शॉन वॉल्श. 1992 च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे त्यांच्याकडे पानं लाल व्हायला लागतात तेव्हा, व्हँकुव्हरकडून एक पहिल्या वर्षाचा मुलगा आला. पॉल करिया. अठराच्या घरात, अंगानं बारीक, पण नजर अशी की पास कुठे जाणार ते समोरच्याला पक पोचल्यावर कळायचं. त्याच संघात शेवटच्या वर्षाला होता माँट्रियलचा जिम माँटगोमेरी, कर्णधार, सेंटर. आणि उजव्या कडेला कॅल इंग्रॅम, अगदी बुटका, पण गोलसमोर हुकमी.

पहिल्या वर्षाचा पोरगा आणि शेवटच्या वर्षाचा कर्णधार एका लाईनीत ठेवायचे, यात धोका असतो. मोठा दबेल किंवा लहान बुजेल. इथे झालं ते असं. हंगामात करियाचे 25 गोल आणि 75 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास), दोन्ही मिळून पुरे शंभर गुण, तेही 39 सामन्यांत. माँटगोमेरीचे 32 गोल, 63 असिस्ट. इंग्रॅमचे 46 गोल, 39 असिस्ट. नीट बघा: पास देणारा, जोडणारा, संपवणारा. तिघांची कामं आकड्यांतच वेगळी दिसतात. संघानं 42 सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले, आणि हरला फक्त एक. कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून होबी बेकर पुरस्कार करियाला, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पण भट्टी खरोखर जमली होती का, ते कळलं एप्रिल 1993 मध्ये, मिलवॉकीत. राष्ट्रीय अंतिम सामना, समोर गतविजेते लेक सुपीरियर स्टेट. मेननं दोन गोलांची आघाडी घेतली आणि मग लागोपाठ चार गोल खाल्ले. दोन सत्रं संपली तेव्हा 2-4. अशा वेळी कोचचा हात फळ्याकडे जातो. लाईनी मोडाव्यात, सगळं ढवळून काढावं, काहीतरी करून दाखवावं, असा मोह होतो.

करिया आणि माँटगोमेरी एकत्रच उतरले. तिसऱ्या सत्रात माँटगोमेरीनं तीन गोल केले, 4 मिनिटं 35 सेकंदांच्या आत. तिन्ही गोलांना असिस्ट करियाचा. मेन 5, लेक सुपीरियर 4. विद्यापीठाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

(दृश्य: मे महिना. रिकामा बर्फ वितळतोय. लॉकरवरची नावाची पट्टी निघते.)

आणि त्यानंतर ती लाईन संपली. माँटगोमेरीची चार वर्षं भरली. पुढच्या हंगामात करिया कॅनडाच्या ऑलिम्पिक संघात गेला.

कॉलेजच्या कोचचं हे कायमचं दुखणं. व्यावसायिक क्लबसारखी हंगामाच्या मध्यात खेळाडूंची अदलाबदल नाही. पदरी जी मुलं आहेत तीच, त्यांतही दर वसंतात शेवटच्या वर्षाची निघून जातात आणि शरदात नवी, बावरलेली मुलं येतात. पदरी पंचवीसच्या वर मुलं असतात. सगळ्यांना पोशाख चढवता येत नाही. उरलेले कोट-टाय घालून वर प्रेक्षकांत बसतात. त्यांच्या घरचे कधी कधी शेकडो मैल गाडी चालवून आलेले असतात. शनिवारी बहुधा त्याच संघाशी पुन्हा सामना असतो, म्हणून शुक्रवारी रात्री कोच चित्रफीत मागेपुढे करत बसतो, आणि वर बसलेल्या त्या मुलांपैकी एकाची पट्टी हळूच चौथ्या ओळीत लावतो. त्या मुलाला हे सकाळी सरावाच्या वेळी कळतं.

(दृश्य: शिकागो. युनायटेड सेंटर, भरलेलं. आवाजाची लाट.)

8 एप्रिल 2017. पुन्हा राष्ट्रीय अंतिम सामना. डेन्व्हर विरुद्ध मिनेसोटा-डुलुथ, पॅव्हेलिच आणि हॅरिंग्टन यांचं कॉलेज. डेन्व्हरच्या बेंचमागे, कोच म्हणून, जिम माँटगोमेरी. चोवीस वर्षांपूर्वी ज्याची पट्टी वॉल्श यांनी करियाशेजारी लावली होती, तो आता स्वतः पट्ट्या लावत होता. वॉल्श हे बघायला नव्हते. 2001 साली, वयाच्या 46 व्या वर्षी, कर्करोगानं ते गेले.

दुसऱ्या सत्रात डेन्व्हरच्या जॅरिड लुकोसेव्हिशियसनं गोल केला. सोळा सेकंदांत दुसरा. त्याच सत्रात तिसरा. डेन्व्हर 3-2 असं जिंकलं, तिन्ही गोल त्याचेच. राष्ट्रीय अंतिम सामन्यात एकाच खेळाडूनं तीन गोल करणं 1993 नंतर पहिल्यांदाच घडत होतं. त्या आधी ज्यानं ते केलं होतं, तो चार पावलांवर, बेंचमागे उभा राहून पुढच्या लाईनीच्या सेंटरचं नाव पुकारत होता.