साखर किती आली?

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. बोटाला सुई, पट्टीवर रक्ताचा थेंब.)

"साखर किती आली?" पक्षाघाताच्या पेशंटच्या खाटेशी हा प्रश्न दिवसरात्र ऐकू येतो. पहिल्यांदा तर दवाखान्याच्या दारातच. साखर फार उतरली, तरी हातपाय लुळे पडतात, जीभ अडखळते. हुबेहूब पक्षाघात! तसं असेल, तर शिरेतून ग्लुकोज गेल्यावर काही मिनिटांत माणूस बोलूही लागतो. म्हणून मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनाआधी साखर बघावीच लागते.

(दृश्य: ग्लुकोमीटरवर २३०.)

"पण त्यांना डायबेटिस नाहीये हो," मुलगा सांगतो. असेलही खरं. मेंदूवर घाला पडला की अंगात ॲड्रिनलिन, कॉर्टिसोल वाढतं आणि यकृत रक्तात साखर सोडतं. डायबेटिस जुना असेल, तर तो एचबीए१सीमध्ये, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीत कळतो. घरात कोणी कधी तपासलंच नव्हतं, असंही निघतं.

मेंदूत रक्तपुरवठा तुटलेल्या भागाभोवती अर्धमेल्या पेशींचा पट्टा असतो. तिथे प्राणवायू तोकडा आणि साखर वारेमाप, म्हणून लॅक्टिक आम्ल साचतं. सूज वाढते, मेंदूत रक्तस्राव होण्याची भीतीही वाढते.

मग साखर पार खाली दाबायची? अमेरिकेत ११५१ पेशंटवर हेच तपासलं. 'शाइन' चाचणी, निकाल २०१९चा. एका गटाची साखर शिरेतल्या इन्सुलिनने ८० ते १३०मध्ये धरली, दुसऱ्याची १८०च्या आत. तीन महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच. उलट पहिल्या गटात १५ जणांची साखर ४०च्याही खाली घसरली. म्हणून आता साधारण १४० ते १८० पुरे मानतात.

मला जास्त मोलाचं वाटतं ते ऑस्ट्रेलियातलं काम. न्यू साउथ वेल्समधल्या १९ रुग्णालयांत परिचारिकांनी पहिले तीन दिवस ताप, साखर आणि गिळणं, एवढंच काटेकोर सांभाळलं. २०११ मध्ये आकडे आले: ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व नेहमीच्या सेवेत ५८ टक्के, इथे ४२. नवं औषध एकही नाही.

(दृश्य: खाटेखाली शहाळं.)

"दोन घोट तरी पाजू का, सिस्टर? सकाळपासून पोटात काही नाही."

"नको मावशी. गिळता येतंय का, ते आधी बघू. पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होईल."

(दृश्य: पहाटेचे चार. पुन्हा सुई. १६८.)

सिस्टर आकडा तक्त्यावर लिहितात. शहाळं अजून तिथेच आहे.