आलेल्या फेरीतच लस

श्रोतेहो, नमस्कार.

किमो चालू असलेला माणूस गावातल्या डॉक्टरांना विचारतो, "फ्लूची लस घेऊ का?" उत्तर मिळतं, "तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा." तिकडं विचारलं की ऐकायला मिळतं, "गावाकडेच घेऊन टाका." या टोलवाटोलवीत पावसाळा येतो आणि लस राहूनच जाते. माणसं लसीला घाबरतात म्हणून ती राहते, असं आपण समजतो. पण बऱ्याच वेळा ती कोणी द्यायची हेच ठरलेलं नसतं.

किनवटहून नांदेडला किंवा हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या रुग्णाचा विचार करा. पहाटेची एसटी, सोबत घरचं एक माणूस, दोघांचाही रोज बुडालेला. त्याला "पुढच्या आठवड्यात लसीसाठी या" म्हणणं म्हणजे लस देणार नाही असं सांगण्यासारखंच आहे. म्हणून रुग्ण दवाखान्यात आलेला असतो, त्याच फेरीत लस द्यायला हवी.

सगळ्यात चांगली वेळ किमो सुरू व्हायच्या निदान 14 दिवस आधीची. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढे दिवस लागतात. बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी स्कॅन, महात्मा फुले योजनेची मंजुरी यांची वाट बघण्यात जे दिवस जातात, ते लसीचेच दिवस आहेत. मात्र लसीसाठी किमो कधीही पुढं ढकलू नये. ती वेळ हुकली तर किमोच्या दोन सायकलींच्या, म्हणजे ठरावीक दिवसांनी येणाऱ्या दोन डोसांच्या, मध्ये फ्लूची लस घेता येते. परिणाम थोडा कमी मिळतो, पण काहीच न घेण्यापेक्षा तो पुष्कळ चांगला. किमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली उतरतात, तो काळ शक्यतो टाळावा. पुढच्या सायकलीला आल्यावर सकाळी रक्त तपासलं जातं, पेशी सावरलेल्या दिसतात. डॉक्टरांनी होकार दिला की सलाईन लावायच्या आधीच लस टोचून घेता येते.

लसी कोणत्या? फ्लूची, दरवर्षी एक. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून एप्रिल-मे हा तिचा योग्य काळ. न्यूमोनियाची लस बऱ्याचदा दोन टप्प्यांत : आधी त्या जंतूच्या 13 प्रकारांवरची, मग निदान 8 आठवड्यांनी 23 प्रकारांवरची. किमोच्या मध्येच घेतलेली न्यूमोनियाची लस कमी लागू पडते, म्हणून उपचार संपल्यावर 3 महिन्यांनी ती पुन्हा घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावं. किमोआधी हिपॅटायटिस-बीची रक्ततपासणीही करून घ्यावी. शरीरात दबून बसलेला हा विषाणू उपचारात उसळी मारू शकतो.

आणि नागीण. तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत सोडून द्या. लहानपणी झालेल्या कांजण्यांचा विषाणू नसांत लपलेला असतो, प्रतिकारशक्ती घसरली की तो वर येतो. तिच्यावर दोन डोसची, जिवंत विषाणू नसलेली लस मिळते. महाग आहे, पण विचारून ठेवावी.

किमो चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी मात्र चालत नाहीत. गोवर-रुबेला, कांजण्या, नाकात फवारायची फ्लूची लस, या नकोत. "किमोत लस चालत नाही" हा गैरसमज इथूनच पसरला आणि टोचायच्या फ्लूच्या लसीवरही त्याचा ठपका बसला. त्या लसीतला विषाणू मेलेला असतो, तिनं फ्लू होत नाही.

आता दवाखान्यांतल्या सिस्टर आणि डॉक्टरांसाठी. फाईलच्या पहिल्याच पानावर चार रकाने छापा : फ्लू, न्यूमोनिया पहिली, न्यूमोनिया दुसरी, हिपॅटायटिस-बीची तपासणी. प्रत्येकापुढं तारीख, आणि लसींपुढं बॅच नंबर, कोणता दंड. रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो, आणि खुपला की भरला जातो. "लस घ्यायची का?" असं विचारलं की माणूस सोबतच्याकडं बघतो आणि "घरी विचारून सांगतो" म्हणतो. "आज तुमची फ्लूची लस आहे, काही शंका आहे का?" असं म्हटलं की बोलणं पुढं सरकतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसऱ्या दंडात टोचा. प्लेटलेट 50 हजारांच्या खाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बारीक सुई वापरा आणि नंतर न चोळता 2 मिनिटं घट्ट दाबून धरा.

लस वॉर्डच्या फ्रिजमध्येच हवी, 2 ते 8 अंशांत. रुग्णाला चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला सांगितलं, तर मे महिन्याच्या उन्हात ती पिशवीतच वाया जाते. बाहेरून आणावीच लागली तर त्याच दिवशी, दवाखान्याजवळच्या दुकानातून, बर्फाच्या डब्यात आणावी. पण बर्फाला चिकटवून ठेवू नये. कागदात गुंडाळावी, कारण गोठलेली लस निकामी होते.

घरच्यांनीही फ्लूची लस घ्यावी, कारण अनेकदा आजार घरातूनच रुग्णापर्यंत पोचतो. पोलिओच्या थेंबांतला विषाणू जिवंत असतो, म्हणून घरात तान्हं बाळ असेल तर ते थेंब द्यायच्या आधी आशाताईंना किमोच्या रुग्णाबद्दल सांगा. त्या सांगतील तसं करा, बाळाची लस मनानं टाळू नका. बाळाचे लंगोट रुग्णानं बदलू नयेत.

लसीनंतर दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. पण घरात थर्मामीटर ठेवा. किमोच्या रुग्णाचा ताप 100.4 फॅरनहाइटला गेला, तर "लसीचा असेल" म्हणून पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फाईल घेऊन दवाखाना गाठा, आणि दारातच सांगा : किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.