नासपतीची अढी

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण लागला की दादरला स्टेशनबाहेरच्या फळवाल्यांकडे आंब्याची जागा नासपती घेते. एका बाजूला पंजाबची गोलसर, कडक नाख, दुसऱ्या बाजूला हिमाचल-काश्मीरकडचा पिवळसर, मऊ बब्बूगोशा. मुंबईकर वर्षानुवर्षं या दोघांनाच ओळखतो. गेली काही वर्षं त्यांच्या शेजारी तिसरी एक मांडलेली दिसते. अंगावर छोटं स्टिकर, खाली रुंद, साल हिरवी आणि जराशी उंचसखल. ही पॅकहॅम, दक्षिण आफ्रिकेतून जहाजाने येते. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाव बब्बूगोशाच्या दुप्पट होता. "नया माल है ताई, एकदम मीठा," फळवाला म्हणाला.

मी तिन्ही घेतल्या आणि त्याच संध्याकाळी कापल्या. पॅकहॅम दाताखाली कच्च्या मुळ्यासारखी लागली. ना गोडी, ना वास. दुसऱ्या दिवशी इमारतीत चौघींना सांगूनही टाकलं की त्या स्टिकरवाल्या फळाच्या नादी लागू नका, आपला बब्बूगोशाच बरा.

त्यातलं एक फळ कांद्याबटाट्यांच्या टोपलीमागे घरंगळून राहिलं होतं. सहा दिवसांनी स्वयंपाकघरात वास आला म्हणून शोधलं. हिरवी साल पोपटी पिवळी झाली होती. सुरी लावली तर ती आपल्या वजनानेच खाली गेली, आणि पहिली फोड तोंडात जाईपर्यंत रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. गर लोण्यासारखा. तीच जात, त्याच दिवशी घेतलेलं फळ. मी त्याच्यावर निकाल दिला होता तो चुकीच्या दिवशी.

हे मला फार लागलं, कारण मी अढीच्या घरात वाढलेली आहे. गिरगावात आमच्या चाळीतल्या खोलीत देवगडची पेटी आली की आई कॉटखाली पेंढा पसरायची, एकेक आंबा देठाकडचा भाग बघून लावायची. रोज सकाळी ती वाकून वास घ्यायची, पुढे आलेले आंबे वेगळे काढायची. आठ-आठ दिवस आम्ही मुलं त्या कॉटभोवती घुटमळत असू, पण हात लावायची परवानगी नसे. पेटी आल्या दिवशी आंबा चिरून "हापूस आंबट आहे" असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. आंब्यासाठी इतका धीर धरणारे आपण नासपतीला मात्र पिशवीतून काढून सरळ विळीवर धरतो!

नासपतीला तर अढीची गरज आंब्याइतकीच आहे. मऊ गराच्या युरोपीय जाती झाडावर नीट पिकतच नाहीत. झाडावरच ठेवल्या तर गाभ्याकडून पिकतात. बाहेरून फळ ठीक दिसतं तोवर आत तपकिरी चिखल झालेला असतो, आणि गरात खरखरीत कणही जास्त धरतात. पेरूच्या गरात दाताखाली जे कचकचतं ना, तसलेच कण. म्हणून बागायतदार फळ भरलेलं पण कडक असतानाच उतरवतात. दाब मोजायचं एक साधं यंत्र असतं. बार्टलेट जातीचं फळ साधारण 17 ते 20 पौंड दाब लागेल इतकं घट्ट असताना उतरवतात, आणि खायला तयार होतं तेव्हा 4 पौंडही लागत नाहीत. मधला सगळा प्रवास झाडावरून उतरल्यावर, शीतगृहात आणि शेवटी तुमच्या-माझ्या घरात होतो.

आंब्याला पेंढ्याची ऊब लागते. या नासपतींना आधी गारवा लागतो आणि मग घरातली हवा. गारवा त्यांना शीतगृहात मिळालेलाच असतो. घरी आणल्यावर घरातला त्यातल्या त्यात थंड कोपरा बघून ठेवायच्या. घाई असेल तर एखादं केळं सोबत कागदी पिशवीत. फळाचं पोट दाबून काही कळत नाही, कारण ते आतून बाहेर पिकत येतं. देठाजवळ, मानेशी अंगठ्याने हलकेच दाबायचं. तिथे किंचित दबलं की त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायचं. पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

नाखेचं मात्र सगळंच वेगळं. ती आशियाई कुळातली, झाडावरच तयार होते आणि करकरीतच खायची. पंजाबात तिला पथरनाख म्हणतात, दगडासारखी म्हणून. तिच्यात लोणी शोधायचं नाही. चावल्यावर आवाज येतो का आणि पाणी सुटतं का, एवढं बघायचं.

मग गेल्या वर्षी मी ठरवून पुन्हा तपासलं. तिन्ही फळं वेगवेगळ्या दिवशी आणली, अशा हिशेबाने की एका रविवारी तिघीही आपापल्या परीने तयार असतील. साली काढल्या, कारण रंग दिसला की जीभ आधीच मत बनवते. बशांखाली खुणा केल्या, आणि प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने फोडी दिल्या. गोड फळ आधी खाल्लं की पुढचं फिकं लागतं. मध्ये दोन कुरमुरे आणि पाण्याचा घोट. शेजारच्या काकू, त्यांची सून, तळमजल्यावरचे ऐंशीचे आजोबा, दोन कॉलेजची मुलं असे सगळे जमले.

गराच्या बाबतीत पॅकहॅमने बाजी मारली, जवळजवळ सगळ्यांकडून. पण वासाला काकूंनी न बघता बब्बूगोशा उचलला आणि म्हणाल्या, "ह्याला फळाचा वास आहे, त्याला नुसती साखर आहे." आजोबांनी तिखटमीठ मागवलं आणि नाखेची बशी संपवली. माझं मत काकूंच्या बाजूचं. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो बब्बूगोशा त्या हंगामातला, डोंगरातून थेट ट्रकने आलेला होता. दक्षिण आफ्रिकेतली पॅकहॅम फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला उतरवतात. म्हणजे आमच्या बशीत जातीबरोबर काही महिन्यांचं शीतगृह आणि समुद्रप्रवासही होता. वासात ती मागे पडली ते जातीमुळे की प्रवासामुळे, हे मुंबईत बसून ठरवता येत नाही, आणि म्हणून मी पॅकहॅमला वासात नापास करणार नाही.

नावांचंही जपून घ्यावं लागतं. आपल्याकडे कुठलीही मऊ नासपती बब्बूगोशा म्हणून विकली जाते, त्यात कधी बार्टलेटही असते. या बार्टलेटची गंमतच आहे. इंग्लंडमध्ये 1770च्या सुमाराला सापडलेली ही जात तिकडे विल्यम्स नावाने चालते. अमेरिकेत इनॉक बार्टलेट यांनी विकत घेतलेल्या बागेत तिची झाडं होती. खरं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून फळ त्यांच्याच नावाने विकलं जाऊ लागलं. 1828च्या सुमाराला युरोपातून नवी रोपं आली तेव्हा लक्षात आलं की दोन्ही एकच! आणि आपली 'नया माल' पॅकहॅम ही ऑस्ट्रेलियात 1896 साली चार्ल्स पॅकहॅम यांनी तयार केलेली, त्याच विल्यम्सची लेक.

इथवर खाणाऱ्याची बाजू झाली. लावणाऱ्याची बाजू याहून कठीण आहे. या झाडाला हिवाळ्यात 7 अंशांच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी कित्येक तास लागते, तेव्हा कुठे वसंतात नीट फुलतं. आपल्या सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश आहे, 22 जानेवारी 1962चं. त्यामुळे मुंबईत बसून बार्टलेट लावायचं स्वप्न कुणी बघू नये. पथरनाख कमी थंडीवर भागवते, म्हणून पंजाबच्या मैदानात रुजली. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने मैदानी हवेसाठी पंजाब ब्यूटी, पंजाब नेक्टार, पंजाब गोल्ड अशा मऊ गराच्या जाती पुढे आणल्या, तरी तिथला शेतकरी पथरनाख सोडत नाही. ती ट्रकमध्ये दबत नाही, भरघोस येते, त्याला तिची सवय आहे. नव्या कलमाला फळ धरायला काही वर्षं, शेजारी दुसऱ्या जातीचं फूल त्याच दिवसांत हवं, आणि एक गारपीट झाली की तो हंगाम मोजणीतून गेला. एका चांगल्या वर्षावर शेतकरी कसा विश्वास ठेवील?

हे आपल्याला कोकणातून कळायला हवं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना दिला, 1981 साली. फळ मोठं, आणि हापुसाला छळणारा साका, म्हणजे गरात धरणारा पांढरट, आंबट भाग, त्यात नाही. पुढे 1992 साली सिंधू आला, पातळ कोयीचा. दोन्ही उत्तम आंबे, मी आवडीने खाते. आणि तरीही एप्रिलमध्ये आपण फळवाल्याला विचारतो ते हापुसाचंच. रत्नाला आपल्या घरात किती वेळा हापुसाशेजारी, दोन्ही अढीतून नीट पिकवून, एका ताटात वाढलं गेलं? माझ्या घरात एकदाही नाही. येत्या उन्हाळ्यात ते करायचं आहे.

सध्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी, खिडकीपासून लांब, पाच नासपती मांडून ठेवल्या आहेत. आज सकाळी आकाशवाणीला निघताना बघितलं, दोघींची मान अंगठ्याखाली जराशी दबली. त्या आज रात्री कापू. उरलेल्या तिघी अजून कडक आहेत, बहुतेक गुरुवारपर्यंत.

नमस्कार.